उपाशी अंगात काय चालते तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.
श्रावण आला की पेपरात फराळाच्या रेसिप्या येतात, पण उपाशी अंगात काय चालते ते कोणी सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या (अमेरिका) किनाऱ्यावरचं एलिफंट सील या मोठ्या समुद्री प्राण्याचं पिल्लू साधारण 4 आठवडे दूध पिते, मग माय समुद्रात निघून जाते अन् ते 2-3 महिने अन्नपाण्याविना रेतीवर राहते. रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन उतरते, ताणाच्या वेळी अंगात वाढणारं कॉर्टिसॉल चढते, चरबी जळते, त्यातूनच पाणी मिळते अन् मांस बरंचसं वाचते. पण ते चरबीचा साठा घेऊनच बसते ना! आमच्या वावरात सोमवारी निंदणाला आलेली मावशी, पोटात नुसता चहा, दुपारी धुऱ्यावर चक्कर येऊन बसली, हात लटलट कापत होते. शुगरवाल्यांनी डॉक्टरला विचारूनच उपास धरावा, हे मोठ्या अक्षरात छापा.
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ