चेलो आखाजीपर्यंतच आपल्याकडे आहे, मदत हवीय

नमस्कार मंडळी,

जळगावातल्या आपल्या संगीत मंडळाकडून हे लिहितोय. पोस्ट लांबली आहे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, कारण नुसतं 'पैसे द्या' म्हणून थांबायचं नाहीये, कशासाठी ते नीट कळायला हवं.

आपल्या मंडळातल्या चौघांनी मिळून तीन वर्षांपूर्वी स्ट्रिंग क्वार्टेट सुरू केलं हे बऱ्याच जणांना माहितीये. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठा, जाड आवाजाचा) आणि एक चेलो (त्याहून खूप मोठा, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा), बस. तबला नाही, पेटी नाही, समोर हात हलवणारा कंडक्टर नाही. त्यातला चेलो आपला नाहीये. मंडळातल्या एका ताईंच्या नाशिकच्या नातेवाईकांनी तो वापरायला दिला होता, एक रुपया न घेता, तीन वर्षं. आता त्यांच्या घरातलं पोरगं शिकायला लागलंय आणि त्यांना तो परत हवाय, जे अगदी बरोबर आहे. आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) द्यायचा ठरलंय. त्याच्या आत आपला चेलो आला नाही तर क्वार्टेट थांबेल, इतकं सरळ आहे.

काही जण म्हणाले की कीबोर्डवर चेलोचा आवाज असतो ना, तो लावा. नाही हो जमत. चेलो म्हणजे या चौघांचा खर्ज आहे. व्हियोलाच्याही एक सप्तक खाली लागतो तो. वरच्या तिघांनी सूर कुठे टेकवायचा हे तो सांगतो, आणि गज ओढताना चौघं एकत्र श्वास घेतात, पहिल्या व्हायोलिनचा श्वास ऐकून बाकीचे उठतात. बटण दाबून ते येत नाही.

आता ही चौघं कोण. पहिलं व्हायोलिन धुळ्याचे सर वाजवतात. शाळेत संगीत शिकवायचे, पन्नाशी ओलांडली आहे. आयुष्यभर आपल्या पद्धतीनं वाजवलं, म्हणजे मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून, तारा सा-प-सा-प लावून. क्वार्टेटसाठी खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून, वेगळ्या ट्यूनिंगमध्ये आणि वर पुन्हा स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेले पाश्चात्त्य सूर) वाचून वाजवायचं म्हणजे या वयात नव्यानं बाराखडी गिरवणं आहे, आणि सरांनी ती गिरवली. दर रविवारी पारोळा-एरंडोल करत एसटीनं येतात. दुसरं व्हायोलिन चोपड्याकडच्या दादाचं. घरचा लग्नाचा बँड आहे, वडील क्लॅरिनेट वाजवायचे, तो स्वतः बँडमध्ये वाढला. लग्नसराईत रात्री वरात वाजवून सकाळी दहाला प्रॅक्टिसला हजर असतो, डोळे लाल, पण एकदाही लय सुटलेली आठवत नाही. व्हियोला भुसावळचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, लहानपणी चर्चमध्ये शिकले आणि मग चाळीस वर्षं वाद्य कपाटात होतं. आणि चेलोवर आपली यावलकडची ताई, वडिलांची केळीची बाग आहे, इथे बीएस्सी करतेय. चेलो हातात आला तोवर तिनं तो प्रत्यक्ष पाहिलाही नव्हता. ऑनलाइन क्लास लावून शिकली, आणि नेट गेलं की वहीत लिहून ठेवलेलं बघून पुढे वाजवायची.

खान्देशात कुठलं आलं हे विलायती खूळ असं कोणी म्हटलं तर राग येत नाही, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. हायडन म्हणून ऑस्ट्रियातला मोठा संगीतकार होऊन गेला (१७३२ ते १८०९), त्यानं साठहून जास्त क्वार्टेट लिहिली, आणि या प्रकाराचा जनक त्यालाच म्हणतात. त्याची सुरुवात कशी झाली, तर विशी-पंचविशीत असताना एका जमीनदारानं, बॅरन फ्युर्नबर्गनं, त्याला आपल्या गावाकडच्या वाड्यावर बोलावलं. तिथे वाजवू शकणारे होते किती, तर गावच्या चर्चचे धर्मगुरू, जमीनदाराचा कारभारी, चेलो वाजवणारा आल्ब्रेख्ट्सबर्गर म्हणून एक जण आणि स्वतः हायडन. चारच. मग त्या चौघांना वाजवता येईल असं त्यानं लिहिलं. कुठल्या राजधानीच्या मोठ्या हॉलसाठी नाही, गावात जे हाताशी होते त्यांच्यासाठी. मला तर ते वाचून आपले सर, दादा, काका आणि ताईच दिसले.

त्याच हायडनचं १७९७ च्या सुमाराचं एक क्वार्टेट आहे, ओपस ७६ (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांचा क्रमांक) मधलं तिसरं, त्याला 'एम्परर' म्हणतात. त्याचा दुसरा भाग आपली मंडळी वाजवतात. एकच सुरावट आहे (आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल तीच), आणि ती चौघांकडे आळीपाळीनं जाते. आधी पहिलं व्हायोलिन ती मांडतं, मग ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, मग चेलोकडे, मग व्हियोलाकडे, शेवटी पहिल्या व्हायोलिनकडे परत. चाल बदलत नाही, भोवतीचं बदलतं. जन्मभर बँडमध्ये दुसऱ्यांना साथ देणाऱ्या दादाकडे ती चाल पहिल्यांदा येते तेव्हा तो कसा वाजवतो ते येऊन बघा एकदा. आणि त्याच्यानंतर लगेच चेलोची पाळी असते. मागच्या महिन्यात ताईला ताप होता, तर ती पाळी तिघांनी रिकामीच वाजवली, म्हणजे नुसती साथ वाजत राहिली आणि मधली चाल गायब. ऐकवलं नाही.

पण खरं काम झालंय ते आपल्या गाण्यांवर. सरांनी आणि काकांनी मिळून कानबाईची (आपल्या खान्देशातली देवी) आणि आखाजीची काही अहिराणी गाणी चौघांसाठी बसवलीत. चाल व्हियोलाला दिलीय कारण त्याचा आवाज बाईमाणसाच्या जाड गळ्यासारखा आहे, चेलोच्या खालच्या दोन तारा मोकळ्या सोडल्या की आपोआप सा-प मिळतो, आणि मधल्या कडव्यात ताई गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडते तेव्हा ढोलकीचा ठेका ऐकू येतो. गेल्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी चोपडा तालुक्यातल्या एका अंगणात कानबाईच्या जागरणाला हे वाजवलं. पहिल्यांदा बायका नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या कडव्याला एक म्हातारी आजी म्हणाली, "हाई ते आमनंच गानं शे!" आणि गायलाच लागली, मग सगळ्याच गायल्या, आणि चौघांनी आपला आवाज खाली घेतला. त्या रात्री रोट (कानबाईचा प्रसाद) खाऊन पहाटे परत आलो सगळे.

आता खर्चाचं. वाद्य म्हणजे पातळ लाकूड सरसानं चिकटवलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, घरात कूलरची ओली हवा आणि दाराबाहेर कोरडा फुफाटा. लाकूड फुगतं, आकसतं, खुंट्या सुटतात, सांधे उघडतात. सरस मुद्दामच जरा कमी ताकदीचा लावतात, म्हणजे ताण आला तर लाकूड फुटायच्या आधी सांधा सुटतो आणि तो पुन्हा चिकटवता येतो. काकांच्या व्हियोलाचा सांधा असाच सुटला होता, आणि घाईत एके ठिकाणी तो साध्या पांढऱ्या गमनं चिकटवून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात सांधा हलला नाही, वरची फळीच तडकली. आता मुंबईला कारागिराकडे न्यावा लागेल, इकडे हे काम करणारं आम्हाला कोणी सापडलं नाही.

तर चेलो ९०,००० (शिकाऊ नाही, पण फार भारीही नाही, ताईनं स्वतः वाजवून निवडलाय), त्याची हार्ड केस २५,००० कारण कापडी पिशवीत एसटीतून नेणं म्हणजे रोज जीव मुठीत, तारांचे दोन सेट १६,०००, आणि व्हियोलाची दुरुस्ती १२,०००. एकूण १,४३,०००. चौघांनी स्वतः आणि मंडळाच्या सभासदांनी मिळून ५१,३०० जमवलेत. ९१,७०० कमी पडताहेत. यात कोणाचं मानधन नाही, प्रवासखर्च नाही, तो ते स्वतःच करतात. आयकरात सवलतीचं सर्टिफिकेट आपल्याकडे नाहीये हे आधीच सांगतो, पावती मात्र प्रत्येकाला मिळेल, शंभर रुपये दिले तरी, आणि खरेदीची बिलं मंडळाच्या ऑफिसात फळ्यावर लावू. चेलो मंडळाच्या नावावर राहील. उद्या ताई नोकरीसाठी बाहेर गेली तर तो पुढच्या पोराला किंवा पोरीला शिकायला मिळेल, हे मीटिंगमध्ये ठरून लिहून झालंय.

पैसे ऑफिसात संध्याकाळी ६ ते ८ मध्ये देता येतील, नाहीतर कुठल्याही सभासदाकडे द्या आणि पावती मागून घ्या. बाहेरगावी असलेल्या खान्देशी मंडळींनी, पुण्या-मुंबईवाल्यांनी, आपल्या ओळखीच्या सभासदाला फोन करा, तो अकाउंटची माहिती देईल. अनोळखी नंबरवरून आमच्या नावानं लिंक आली तर त्यावर एक पैसाही टाकू नका.

पैसे जमत नसतील तर दुसरंही खूप आहे. आजोबांचं व्हायोलिन माळ्यावर पडलेलं असेल, तुटकं असलं तरी चालेल, ते द्या, दोन पोरं शिकायला थांबलीत. चेलो आणायला मुंबईहून जळगावला रिकामी येणारी गाडी असेल तर कळवा, सीटवर आडवा बसतो तो. आणि उन्हाळ्यात कूलर नसलेली, जाड भिंतींची एखादी थंड खोली आठवड्यातून एक दिवस वापरायला मिळाली तर फार मोठं काम होईल, जुन्या वाड्यातली असेल तर उत्तमच.

येत्या रविवारी सकाळी दहाला नेहमीच्या जागी प्रॅक्टिस आहे, सगळ्यांना खुली. हायडन आणि आखाजीचं गाणं दोन्ही वाजवणार आहेत. नाशिकचा चेलो अजून आहे तोवर ऐकून जा. आणि हात नसलेल्या खुर्च्या कोणाकडे असतील तर चार घेऊन या, हाताच्या खुर्चीत ताईचा गज अडकतो.