शुश्रूषा विमा खेड्यांपर्यंत जावा

चीनमधील वृद्धसेवेवरील रविवारच्या अंकातील लेख वाचला. रुग्णालयांवरील भार हलका करण्यासाठी त्यात दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचे, म्हणजे स्वतःची रोजची कामे करू न शकणाऱ्यांच्या सेवेचा खर्च उचलणाऱ्या विम्याचे, केलेले समर्थन योग्यच आहे. परंतु हा विमा नेमका कोणाला मिळतो, हा कळीचा प्रश्न लेखात सुटून गेला आहे. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये ६० व त्याहून अधिक वयाचे सुमारे २६.४ कोटी लोक असून, कमावती पिढी शहरांकडे गेल्यामुळे वृद्धांचे प्रमाण खेड्यांत अधिक आहे. २०१६ मध्ये १५ शहरांत अधिकृतपणे सुरू झालेला आणि पुढे ४९ शहरांपर्यंत पोहोचलेला हा प्रायोगिक विमा मात्र बहुतेक ठिकाणी आधी शहरी नोकरदारांच्या आरोग्य विम्याशी जोडला गेला. परिणामी अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध शेतकऱ्याची सारी सेवा त्याच्या तितक्याच थकलेल्या पत्नीवर येऊन पडते, आणि ही गोष्ट मला अत्यंत अन्यायाची वाटते. चिंगदाओ शहराने २०१२ मध्येच अशी योजना आखून २०१५ मध्ये ती ग्रामीण रहिवाशांनाही लागू केली, तेव्हा हे अशक्य नक्कीच नाही. रुग्णालयांतील खाटांच्या संख्येइतकीच घरपोच शुश्रूषा मिळणाऱ्या ग्रामीण वृद्धांची संख्याही अशा लेखांत तपासली जावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा