बाबा, तो डबा आता तुमच्याकडेच राहू दे

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

कोल्हापुरात राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याचं वाचलं. परसात पाणी साचत असेल, तर आईने निसरड्यात तुळशीपर्यंत जाऊ नये, दारातूनच हात जोडावेत.

परवा बाबा फोनवर डब्यातल्या गोळीकिड्यांबद्दल वीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. हात कापायला लागल्यापासून, गुजरीतलं सोनारकाम सुटल्यापासून, बाबा ‘बरं आहे, आईला देतो’ एवढंच म्हणायचे. म्हणून मी ठरवलंय, इथलं घराचं रंगकाम आटोपलं तरी तुमच्याकडे ठेवलेला तो डबा परत आणायचा नाही. चिनूला विचारलं. थोडा हिरमुसला, मग म्हणाला, ‘ते आजोबांच्याच कुंडीखालचे आहेत.’ खरंच आहे ते.

आई, तू त्यांना पैसा म्हणतेस, पण पैसा म्हणजे वाणी किडा. त्याला पाय मोजता मोजवत नाहीत. घाटातल्या जंगलात गोटीएवढा गोळा होऊन पडतो तोही वाणीच्याच जातीचा. आपल्या डब्यातल्यांना पायांच्या नेमक्या सात जोड्या. हे खेकड्या-कोळंबीचे भाऊबंद, पाणी सोडून जमिनीवर आलेले. चावत नाहीत, डसत नाहीत, घरभर होतील अशी भीतीही नको. कोरड्या फरशीवर ते टिकतच नाहीत.

आणि हेच नीट लक्षात ठेवा. त्यांच्या पोटाखाली, मागच्या बाजूला, श्वास घ्यायच्या पापुद्र्यासारख्या चकत्या असतात. त्या ओलसर राहिल्या तरच श्वास चालतो. हे वाचून मी पहिल्या खेपेला रोज सगळा डबा भिजवत होते. आठ दिवसांत माती आंबली, वास सुटला आणि एकूण एक मेले. चिनू दोन दिवस जेवला नाही. चूक माझीच होती. त्यांना ओल हवी तशी कोरडी जागाही हवी, कुठे बसायचं ते त्यांचं त्यांना कळतं. म्हणून शेवाळ ठेवलंय त्याच कोपऱ्यात पाणी शिंपडायचं, तेही शेवाळ सुकत आलं की. दुसरं टोक, झाडाच्या सालीचा तुकडा आहे ते, कोरडंच ठेवा. पाणी रात्रभर भरून ठेवलेलं घ्या. झाकणाची भोकं बुजवू नका.

खाणं म्हणजे मुख्य पाचोळा. तो कायम असलाच पाहिजे, बाकी सगळं वरचं. गल्लीच्या टोकाच्या बदामाची गळून तपकिरी झालेली पानं आणा, उकळत्या पाण्यातून काढा, निथळून घाला. हिरवी नकोत, आणि औषध मारलेल्या बागेतली तर मुळीच नकोत. एक पान दहा-बारा दिवसांनी उचलून उजेडात धरा, बाबा. मधला गर गेलेला असतो आणि उरते ती नुसती शिरांची जाळी. तुमच्या हातच्या तारकामाची आठवण होते मला ती बघून.

आठवड्यातून एकदोनदा काकडीची किंवा गाजराची पातळ चकती द्या, नखाएवढी. आई, तू पाहुण्यांना वाढल्यासारखं वाढू नकोस. उरलेली चकती दुसऱ्या दिवशी काढून टाकायची, नाहीतर बुरशी धरते. मीठ लागलेलं, शिजवलेलं, लिंबाचं साल यातलं काही नको. महिन्यातून एखादं सुकटीचं बोंड चालतं. त्यांची लेंडी साफ करू नका. ती ते पुन्हा खातात, त्यातूनही त्यांना पोषण मिळतं.

चुना मात्र हवाच, पाठीचं कवच त्यावरच बनतं. अंड्याचं टरफल धुऊन, वाळवून, कुटून चिमूटभर कोपऱ्यात ठेवा. श्रावणात आपल्याकडे अंडं येत नाही, तेव्हा आत्ताच बरणीभर साठवा.

एखादा अर्धा पांढरट, अर्धा राखाडी दिसला तर आजारी समजून बाजूला काढू नका. ते कात दोन टप्प्यांत टाकतात. आधी मागचा अर्धा भाग, मग दोनएक दिवसांनी पुढचा. तेवढ्यात अंग लोण्यासारखं मऊ असतं, बोट लावायचं नाही. टाकलेली कात ते स्वतःच खातात, म्हणजे चुना वाया जात नाही.

डासांची कॉइल आणि फवारा त्या खोलीत नको, ते औषध यांनाही मारतं. गल्लीत धुराची गाडी आली की डबा आतल्या खोलीत न्या आणि खिडकी लावा.

बाबा, तुम्ही म्हणालात ना, ‘एकीचं पोट पिवळट फुगलंय, जवमणी बसवल्यासारखं’, त्यासाठी मुद्दाम लिहिते. ती आजारी नाही. मादीच्या पोटाखाली पिशवी असते, त्या पिशवीत तिची अंडी आहेत. पिल्लं तिथेच उबतात आणि मग बाहेर येतात, अगदी बारीक असतात, पांढरी. नुसत्या डोळ्यांना माती हलल्यासारखी वाटते. तुमचं कामाचं भिंग देवघराच्या फडताळात, लाल मखमलीच्या डबीत आहे, मी मे महिन्यात पुसून ठेवलंय. कोपर टेबलावर टेकवा, म्हणजे हात फार हलणार नाही.

बाहेर पडताना पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी पुढे कात टाकल्यावर येते. चिनूला हे खरं वाटत नाही. शनिवारी रात्री आठला फोन करते, तोवर पिल्लं आली असली तर मोजून ठेवा.

तुमची,
मनू