ब्लॉक शेवटी साबणाच्या पाण्यानेच धुवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरीच इंजिन खोलणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला आहे. पण मोकळ्या ब्लॉकच्या, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात त्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, सफाईवर त्यात एकच वाक्य आहे : ब्लॉक पेट्रोलने धुऊन, पुसून घ्यावा. त्या वाक्यावर विसंबून कुणाचे तरी इंजिन जाईल, म्हणून हे पत्र.

मी आयुष्यभर बोअरिंग-होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कातायच्या आणि दगडाने घासायच्या, मशीनवर काम केले, पण हा धडा मिळाला तो माझ्याच पहिल्या इंजिनावर. होनिंग झाल्यावर ब्लॉक पेट्रोलने धुतला, हवा मारली, पिस्टनवर नव्या रिंगा चढवल्या. थोड्याच दिवसांत इंजिन धूर सोडू लागले. खोलले तर रिंगा झिजलेल्या आणि बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा. पुन्हा बोअरिंग करून पुढच्या मापाचे पिस्टन घालावे लागले.

होनिंगच्या दगडाने बोअरमध्ये तिरप्या बारीक चरांची जाळी पडते. ती हवीच, तेल तिच्यातच धरून राहते. पण दगडाची भुकटी आणि लोखंडाचा कीसही त्याच चरांत बसतो. पेट्रोल किंवा रॉकेल तेलकटपणा काढते आणि उडून जाते. भुकटी जागच्या जागी राहते. ती उचलून बाहेर काढतो तो गरम पाण्यातला साबण. कपडे धुण्याची पावडर चालते, सोबत ताठ केसांचा नायलॉनचा ब्रश. फेस करडा येतो तोवर घासत राहायचे. मग पांढरे फडके पातळ तेलात भिजवून बोअरमध्ये दाबून फिरवायचे. फडक्यावर करडा डाग दिसला की पुन्हा धुवायचे. एका ब्लॉकला मला चार धुण्या लागल्या होत्या, आणि चौथ्या वेळी फडके पांढरे निघाले तेव्हाच मी रिंगांची पाकिटे उघडली.

तेलाच्या वाटा, म्हणजे ऑइल गॅलऱ्या, याहून महत्त्वाच्या. त्यांच्या टोकांचे प्लग काढल्याशिवाय सफाई झाली असे म्हणूच नये. बहुतेक इंजिनांत तेल पंपाकडून आधी फिल्टरमध्ये जाते आणि तिथून मुख्य गॅलरीत. म्हणजे गॅलरीत राहिलेला कण फिल्टरला भेटतच नाही, तो थेट इंजिनाचा दांडा (क्रँक) ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या मऊ धातूत रुततो. लांब दांडीचा बारीक ब्रश प्रत्येक भोकातून आरपार गेला पाहिजे, क्रँककडे उतरणाऱ्या तिरप्या भोकांतूनही. ब्लॉकवर झाकणासारखे बसणाऱ्या हेडच्या बोल्टची भोकेही कोरडी करा. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा तेल साचले आणि वरून बोल्ट आवळला, तर दाबाने ब्लॉकला तडा जातो.

सांधे खरवडताना गॅस्केट (सांध्यातले पातळ पॅकिंग) काढायच्या खरखरीत चकत्या ड्रिलला लावून फिरवू नका. त्यांची भुकटीही बेअरिंग खाते. आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा त्याच्या जवळही आणू नका. तो धातूच खातो, वर पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. पेट्रोलची वाफही बंद खोलीत ठिणगीची वाट पाहत असते, हे लेखात यायला हवे होते.

धुऊन झाल्यावर मात्र सवड मिळत नाही. ओतीव लोखंड वाळता वाळता, काही मिनिटांत, तांबूस पडते. आमच्याकडे मुलगी हवा मारत पुढे जायची आणि मी तेलाचे फडके घेऊन तिच्या मागोमाग. एकट्याने करणाऱ्याने तेल आधीच हाताशी काढून ठेवावे. मग प्लास्टिकच्या पिशवीत ब्लॉक झाकून ठेवावा. ही धुलाई बोअरिंग, होनिंग, बोल्टच्या भोकांतल्या चुड्या (आटे) साफ करणे असे सगळे काम उरकल्यावर करायची. आधी केलेली जमेस धरू नये.

पुढच्या पुरवणीत ते वाक्य दुरुस्त करून छापावे, ही विनंती. तोवर ज्या वाचकाचा ब्लॉक पेट्रोलने धुऊन तयार आहे, त्याने पिस्टन बसवण्याआधी तेलाचे पांढरे फडके बोअरमधून एकदा फिरवून पाहावे.

आपला,
एक निवृत्त मशीनिस्ट