पिंपासोबतचं पत्र

कुडाळ, मे महिना

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

उद्या रात्रीच्या एसटीने पिंप पाठवतोय. आत कोकम सरबताच्या पाकासाठी 6 किलो रातांब्याच्या साली आहेत आणि 6 किलो साखर त्यावर इथेच घातली आहे. उरलेली 6 किलो तू तिथे घालायची. तू नुसत्या साली मागितल्या होत्यास, पण फोडलेला रातांबा मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर बंद राहिला तर सकाळी आंबूस वास मारतो. साखर लागली की साल पाणी सोडते, त्याचा पाक होतो आणि त्यात आंबायची क्रिया मंदावते. एका रात्रीपुरतं एवढं बास. झाकण मुद्दाम घट्ट लावलेलं नाही, कापड बांधून वर ठेवलंय. उतरवून घेताना आडवं करू देऊ नकोस.

यंदा तू येत नाहीस यावर मला काही लिहायचं नाही. आईने फोनवर बोलून घेतलंच असेल. हे पत्र फक्त कामाचं.

आल्या आल्या सगळं मोठ्या बरणीत काढ. काच किंवा चिनी माती, नाहीतर चांगलं स्टील. ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ यांतलं काही नको. रातांब्याच्या आंबटपणाने धातू उतरतो आणि रंगही काळपट होतो. सालीच्या वाट्या उताण्या ठेवून त्यांत साखर भर, मग दुसरा थर, पुन्हा साखर. सगळ्यात वर साखरेचाच थर हवा. तोंडाला मलमलचं कापड बांधून बरणी गच्चीवर उन्हात ठेव, संध्याकाळी आत घे. खाली पाण्याची परात ठेवलीस तर मुंग्या चढणार नाहीत. वळवाचा एक शिंतोडाही आत जाता कामा नये.

रोज एकदा कोरड्या लाकडी पळीने तळापासून ढवळ. हे काम सोपं वाटतं, पण बिघाड बहुतेक इथेच होतो. साखर तळाला बसते, साली वर तरंगतात. वरच्या थराला पातळ रसच मिळतो आणि पाकाबाहेर राहिलेल्या सालीवर पांढरी बुरशी धरते. म्हणून ढवळून झालं की साली दाबून पाकाखाली घाल. सात-आठ दिवसांत साखर पूर्ण विरघळते, साल आक्रसते आणि चिवट होते. मग गाळ. साली कापडात घालून पिळू नकोस, नुसत्या निथळू दे. पिळल्या की गाळ उतरतो. निथळलेल्या साली उन्हात वाळवून ठेव. आमटीत गूळ आणि आमसूल दोन्हींचं काम त्या करतात, आक्का तशीच वापरायची.

एका माणसाने हे होतं. गाळणं, भरणं, सगळं होतं. मी नाही म्हणत नाही. पण रातांबे फोडायचं काम एकट्याचं नव्हे. एकीने फोडायचे, दुसरीने बिया नि गर वेगळ्या टोपात काढायचे, तिसरीने लगेच साखर भरायची. फोडलेली वाटी उघडी पडली की कडेने तपकिरी व्हायला लागते. बियांच्या टोपात मीठ पडतं, त्या रसाची पुटं देऊन आमसुलं होतात, बिया वाळवून त्यांचं कोकमतेल निघतं. एका झाडाची चार कामं एकाच दुपारी चालतात, म्हणून आपल्या पडवीत बेबी, तिची आई, तू आणि आत्या अशा बसायच्यात. यंदा या साली बेबीने आणि तिच्या आईने फोडून दिल्या. कुणाला पाठवायच्या हे बेबीला माहीत होतं. तिने विचारलं नाही, मीही काही बोललो नाही.

आता साखरेचं. बाटल्यांतला पाक आंबला, त्यावर तू म्हणतेस बाटल्या ओल्या होत्या, बेबी म्हणते साखर कमी पडली. दोघींनी मला मध्ये घातलं नाहीत, ते बरं केलंत. पण हिशेब मांडून ठेवतो.

एक किलो ताज्या सालीत पाऊण किलोहून थोडं जास्त पाणीच असतं. 800 ग्रॅम धर. त्यात 2 किलो साखर विरघळली की 2800 ग्रॅममध्ये 2000, म्हणजे शंभरात 71 भाग साखर. इतक्या दाट पाकात बुरशी आणि खमीर यांना जगायला पाणी उरत नाही, म्हणून ना उकळता, ना औषध घालता वर्षभर टिकतो. पुण्याच्या गिऱ्हाइकांना गोड कमी हवं म्हणून तू सव्वा किलो साखर घेतलीस. 2050 ग्रॅममध्ये 1250, म्हणजे 61. फळांच्या पाकात 65 च्या खाली उतरायचं नाही असा नियम आहे, तो उगाच नाही. 61 वर साखर सोसणारं खमीर सावकाश काम करत राहतं. आधी बारीक बुडबुडे येतात, मग झाकण फुगतं आणि उघडताना वाइनसारखा वास येतो.

बाटल्यांचंही खोटं नाही. आत थोडं पाणी राहिलं तर ते वर तरंगतं आणि गळ्यापाशी पाक पातळ होतो. तळाशी 71 असलं तरी वरच्या बोटभर थरात आंबायला लागतं. म्हणून बाटल्या 15 मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून, मग उलट्या घालून कडक उन्हात पूर्ण कोरड्या करायच्या. झाकण प्लॅस्टिकचं, पत्र्याचं गंजतं.

म्हणजे दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर होतं. एवढ्याशा गोष्टीवरून बालवाडीपासूनची मैत्री मोडायची नसते, बाय.

हे लिहायचं नव्हतं. वकिलासारखा बोलतोय असं तुला वाटेल. राग मानू नकोस.

कमी गोड करायचंच असेल तर वाट आहे. पाक 71 चाच कर आणि पिणाऱ्याला सांग, एक भाग पाकाला पाच-सहा भाग पाणी. पाणी वाढवलं की गोडी उतरते, रातांब्याचा आंबटपणा तरी पुरून उरतो. दुसरी वाट, साखर दीड किलो धर, गाळल्यावर बाटल्यांत भर, झाकण सैल ठेवून बाटल्या पाण्यात उभ्या कर आणि पाणी 80 ते 85 अंशांवर अर्धा तास ठेव. मग झाकण घट्ट करून हळूहळू थंड कर. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच. यात रंग थोडा पडतो, कारण रातांब्याचा लाल रंग उष्णता आणि उजेड दोन्हींना घाबरतो. त्याच कारणाने गाळल्यावर कुठलाच पाक उन्हात ठेवायचा नाही, अंधाऱ्या फडताळात ठेवायचा. तू विकत घेतलंस ते साखर मोजायचं यंत्र 20 अंशांवर जुळवलेलं असतं. गच्चीवरचा गरम पाक त्यात कमी दाखवील. थंड करून, नीट ढवळून मग थेंब टाक.

मीठ किलोला 8 ते 10 ग्रॅम, गाळल्यानंतर. जिरेपूड बाटलीत घालू नये असं माझं मत. ती तळाला बसते आणि बुरशीही तीच आत घेऊन जाते. भाजून, कुटून, ग्लासातच घालावी. बेबीला हे पटत नाही. तिच्या आईच्या हातचं जिऱ्याचं असतं आणि लोक तेच मागतात, हेही खरं आहे.

विहिरीमागच्या दोन कलमांना यंदा भरपूर फळ आलं. दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण अमृता’, 1997 सालची जात. बी लावून केलेल्या झाडांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. तू कॉलेजात असताना हट्ट केलास की कलमंच आणा, म्हणून आज हे दिसतंय. तुझं लेबल मी कपाटाच्या दाराला चिकटवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. पुण्यात दुकानांत जाऊन माल ठेवून घ्यायला लावलास, ते आपल्या घरात कुणाला जमलं नव्हतं, दादालाही नाही. तुझं डोकं चालतं याची मला कधीच शंका नव्हती.

भीती वेगळी आहे. तिथे संध्याकाळी दार लावून घेतल्यावर तू कुणाशी बोलतेस? ऑफिसातली माणसं ऑफिसातली. ताप आला तर कोण येतं? गेल्या पावसाळ्यात तुला डेंग्यू झाला तेव्हा रात्रीची गाडी पकडून बेबीच आली होती, आमच्या आधी. आई म्हणते हे लिहू नका. तरी लिहितोय.

विकलेल्या बाटल्यांतले बेबीचे पैसे बाकी आहेत, वहीत पाहिलं. रक्कम मी देत नाही, ती तूच द्यायची, आणि पाठवण्याआधी फोन करून. फोनवर साखरेचा विषय काढू नकोस. तिच्या आईच्या गुडघ्याचं विचार, कोकमतेल किती निघालं ते विचार. पाऊस बहुतेक 7 जूनच्या आसपास येईल. वरच्या झाडावर अजून 20-25 किलो फळ पिकायचं आहे. ते पावसाआधी उतरवायला हवं आणि फोडायला माणसं हवीत. शनिवार-रविवार जमत असेल तर बेबीलाच विचारून दिवस ठरव, मला तिच्याकडून कळेल.

पिंप धुऊन परत पाठव, रातांब्याचा खारवलेला रस, आगळ, भरायला लागेल.

तुझे,
बाबा