माळ टिटवीला सोडला, आम्हाला खाणीचा खड्डा पुरे

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या पठारावर, ज्या माळावर आम्ही सहा-सात वर्षं दर रविवारी मोटारसायकली घालत होतो, तो माळ आता बंद झालाय. कडेनं जेसीबीनं खोल चर मारलाय, तोंडाशी लोखंडी पाटी रोवलीय आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदीच्या जोडीला टायरबंदी केली. 'टायरबंदी' हा शब्द ठरावात तसाच आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा आमची पोरं हसली. पुढच्या रविवारी चराच्या अलीकडं गाड्या उभ्या करून बसलो, तेव्हा कुणी हसलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे आवाहन माळ परत मिळावा म्हणून नाही. 'आपला ट्रेल वाचवा, सह्या करा' असा जो निरोप आमच्या मोटारसायकल मंडळाच्या नावानं फिरतोय, तो आमचा नाही. कोर्टात जायचं का, यावर बैठकीत तीन तास भांडण झालं. शेवटी हात वर करून ठरलं की जायचं नाही. आम्हाला एक बंद पडलेली दगडखाण भाड्यानं मिळतेय, तिथं सरावाची जागा करायचीय, आणि त्यासाठी पैसे कमी पडताहेत.

आम्ही कोण? एकेचाळीस जण. गॅरेजवाले, ठिबकचे दुकानदार, झेडपीचे दोन मास्तर, नर्सिंगच्या दोन मुली, ऊसतोडीच्या मुकादमाचा एक पोरगा आणि एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, जे स्वतः चालवत नाहीत पण सगळ्यांना शिव्या देतात. चार-पाच जणांकडं सेकंडहँड एक्सपल्स आहेत, एकाकडं हिमालयन. बाकी सगळ्या जुन्या गाड्या. मडगार्ड कापलेल्या, मागं गुट्ट्यांचं टायर घातलेल्या. 'ऑफ-रोड' या शब्दाचं आमच्या घरच्यांना फार नवल वाटतं. त्यांचं म्हणणं, आमचा जन्म पाणंदीच्या चिखलात गेला, त्याला कुणी छंद म्हटलं नाही. खरंय. पण पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावर उभं राहून, क्लच अर्धा धरून, पाय न टेकवता गाडी चढवणं ही कसबाची गोष्ट आहे, आणि ते शिकलेला माणूस डांबरी रस्त्यावर सहसा आडवा होत नाही, हे आम्ही अनुभवानं सांगतो.

माळ का गेला, हेही सांगतो, कारण पैसे मागताना अर्धीच गोष्ट सांगणं बरं नाही.

या माळाच्या उतारावर गावानं श्रमदानातून सलग समतल चर काढलेत. पावसाचं पाणी अडवायचं, मुरवायचं, म्हणून बायाबापड्यांनी उन्हाळ्याच्या पहाटे टिकाव मारून खणलेले. चराची माती खालच्या बाजूला बांधासारखी टाकलेली असते. मोटारसायकलवाल्याला तो बांध दिसत नाही, त्याला उडी दिसते. एका उडीनं फार काही होत नाही. दर रविवारी वीस गाड्या त्याच जागेवरून गेल्या की बांधाला खाच पडते, खाचेतून पाणी वाट काढतं, टायरची चाकोरी तीच ओघळ होते आणि दोन पावसाळ्यांत तिथं गुडघाभर घळ तयार. आम्ही मोजल्या: सतरा जागी बांध फुटलाय, आणि त्यातल्या निदान बारा जागा आमच्याच आहेत.

त्यात आमच्यातल्या एकानं त्या उडीची रील टाकली, ठिकाणाच्या नावासकट. तिसऱ्या रविवारी साठ-सत्तर गाड्या आल्या, नगर-सोलापूरकडूनही. सायलेन्सर काढलेल्या. मेंढरं उधळली, दोन कोकरं घळीत पडली. त्यांची भरपाई आम्ही दिली, पण त्या दिवशी गावाचा जीव विटला तो विटलाच.

तरीही आमच्यापैकी बऱ्याच जणांचं मन फिरलं ते यामुळं नाही. ते फिरलं एका टिटवीमुळं.

गेल्या वैशाखात आमचे सात जण माळावर होते. एका जागी माळटिटवी, चोचीच्या मुळाशी पिवळा पडदा असलेली, डोक्यावरून घिरट्या घालत ओरडत होती. आम्हाला वाटलं, ओरडते तर ओरडू दे. खाली ओढ्याकडून एक मेंढरंवाले आजोबा आले. काठीनं आमच्या पुढच्या चाकाशेजारची जमीन दाखवली. आधी काहीच दिसेना. मग दिसलं: चार अंडी, मुरमाच्याच रंगाची, वर काळपट ठिपके, भोवती चार खडे लावलेले, बाकी घरटं म्हणून काही नाही. आमच्या टायरचा ठसा त्यापासून वीतभर. आजोबा म्हणाले, "आवंदा चार घातल्यात. चार म्हैने पाऊस हाय म्हणत्यात. त्यातलं एक फोडलं असतं तर कोन भरून देनार व्हता रं, लेकरांनो?"

टिटवीनं किती अंडी घातली, उंचावर घातली की ओढ्यात, यावरून पावसाचा अंदाज बांधायची रीत आपल्याकडं जुनी. ती खरी की खोटी, यात आम्ही पडत नाही. पण त्या दिवशी आम्ही गाड्या ढकलत खाली आणल्या.

मग जरा चौकशी केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना नि घरट्यांना त्रास देणं हे येतं. म्हणजे बंदूक नसतानाही आम्ही कायद्याच्या लेखी शिकाऱ्यांच्या रांगेत उभे होतो. माळटिटवी साधारण मार्च ते जुलै जमिनीवर अंडी घालते. धाविक नावाचा माळावरचा पक्षीही जमिनीवरच. पखुर्डी तशीच, आणि तिचा नर तर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून पिल्लांना पाणी नेऊन देतो. चंडोल पावसाळ्यात अंड्यांवर बसतात, आणि पावसाळा म्हणजे आमच्या चिखलाची सुगी. खोकडाची बिळं, लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात. थोडक्यात, 'अमुक तीन महिने बंद ठेवा, बाकी आम्हाला द्या' असं म्हणायला आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो, तर मोकळा महिनाच सापडेना.

शेजारीच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ पासूनचं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, हे आम्हाला माहीत होतं आणि तिथं आम्ही कधी गेलो नाही. आमची चूक अशी, की अभयारण्याच्या रेषेबाहेर जे आहे ते सगळं 'मोकळं रान' असं आम्ही धरून चाललो. त्यात आमचा एकट्याचाच दोष नाही. सरकारी कागदावरही माळरानाची नोंद बहुतेक वेळा 'पडीक' अशीच होते. झाड नाही म्हणजे काही नाही.

विरोधाची बाजूही आमच्यातच आहे. आमचे आष्टीकडचे सभासद म्हणतात, संरक्षण म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. त्यांच्या पाहुण्यांच्या जमिनी पलीकडं कर्जत-श्रीगोंद्यात. १९७९ साली माळढोकसाठी सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, शेतंच्या शेतं आली, खरेदी-विक्री अडकली, आणि ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. तोवर माळढोकही जवळपास दिसेनासा झाला. दुसरे म्हणतात, पवनचक्क्यांसाठी डोंगर फोडून रस्ते झाले, त्यावरून डंपर गेले, तेव्हा टिटवी कुठं होती? प्रश्न रास्त आहे, आणि तो ग्रामसभेत विचारायला आम्ही त्यांच्याबरोबर जाऊ. मोटारसायकलीवर बसून मात्र तो विचारता येत नाही.

आमच्यासारखेच लोक दुसरीकडं काय करतात, हेही पाहिलं. कॅलिफोर्नियात ओशिएनो ड्यून्स म्हणून समुद्रकाठचे वाळूचे डोंगर आहेत, गाड्या चालवायलाच ठेवलेले. तिथं एक छोटा चिखल्या पक्षी, आपल्या टिटवीच्याच कुळातला, वाळूत अंडी घालतो. त्याच्यासाठी १ मार्च ते ३० सप्टेंबर मोठा भाग कुंपण घालून बंद असतो. तिथंही भांडणं आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. आम्हाला भावली ती वेगळीच गोष्ट: १९७१ च्या तिथल्या कायद्यानं रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाडीला फी भरून स्टिकर घ्यावं लागतं, आणि तो पैसा अशा जागा घ्यायला, सांभाळायला जातो. चालवणारा स्वतः पैसे भरतो. आपल्याकडं असा कायदा नाही, म्हणून मंडळानं आपलंच स्टिकर काढलं: वर्षाला दीड हजार रुपये, हेडलाइटखाली चिकटवायचं. एकेचाळीस जणांचे ६१,५०० रुपये जमा झालेत. एकानं सोयाबीनची पट्टी आल्यावर भरले, पण भरले.

आता खाणीविषयी. मांजरसुंब्याच्या बाजूला, गावापासून लांब, चार एकरांची खाजगी मालकीची खाण. बरीच वर्षं बंद. खाली सपाट खडक, बाजूला डबराचे ढीग, एका कोपऱ्यात पाणी साचलेला खोल डोह. गायरान नको, वनजमीन नको, हे आधीच ठरलं होतं. सातबारा पाहून घेतलाय. पक्षी ओळखणाऱ्या एका मास्तरांना दाखवायला नेलं, तर त्यांनी पश्चिमेच्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी दाखवली. म्हणजे इथंही आमच्या आधी कुणीतरी राहतंच. ती भिंत आणि तिच्यापुढची जागा आम्ही सोडली. आखणीत वळण बदलावं लागलं, आणि खरं तर वळण आधीपेक्षा चांगलं झालं.

खर्च असा. अकरा महिन्यांच्या कराराचं भाडं ६०,०००. जेसीबी चाळीस तास, तासाला १,२०० धरून ४८,०००. डोहाला आणि घुबडाच्या बाजूला तारेचं कुंपण ३५,०००. डोहाचं कुंपण आधी, ट्रॅक नंतर, कारण आजूबाजूची पोरं तिथं पोहायला येतात. स्ट्रेचर, मानेचा पट्टा, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचा सिलिंडर यांना १७,०००. आणि १२,००० रुपयांची टिकाव-फावडी-घमेली, ती माळावरच्या सतरा जागांसाठी. एकूण १,७२,०००. आमचे वजा जाता १,१०,५०० कमी आहेत. मृगाच्या आत मुरूम पसरून दाबून घ्यायचाय, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं वाहून खाली जाईल.

शंभर रुपयेही चालतील. पैसे फक्त मंडळाच्या बँकखात्यावर किंवा पावतीपुस्तकावर द्या. कुणाही सभासदाच्या स्वतःच्या फोनवर पाठवू नका, तो अध्यक्ष असला तरी. आयकरात सूट मिळणारं प्रमाणपत्र आमच्याकडं नाही, तेव्हा त्या आशेनं देऊ नका. हिशोब दर महिन्याला बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावू.

पैसे नसतील तर बाकी बरंच आहे. जेसीबीवाल्यांनी डिझेलच्या खर्चात चार तास दिले तर तेवढे पैसे वाचतील. ट्रॅक्टरची जुनी टायरं वळणांवर लावायला हवीत, कितीही द्या. पाणलोटाचं काम केलेल्या कुणी समतल रेषा कशी धरायची हे आम्हाला शिकवावं. आम्हाला बांध फोडता येतो, बांधता येत नाही. आणि रविवारी तासभर बसू शकेल असा कुणी डॉक्टर किंवा नर्स.

खाणीतले नियम साधे: सायलेन्सर जागेवर, हेल्मेट आणि बूट, दिवस मावळायच्या आत बंद, लायसन नसलेल्या पोराला गाडी नाही, ठिकाणाची रील नाही. फाटकावरचं काम शेजारच्या वस्तीवरच्या माणसालाच द्यायचं ठरलंय. स्पर्धा भरवणार नाही. हा सराव आहे, जत्रा नाही.

माळावरच्या चरांची दुरुस्ती गावाशी बोलून ठरली आहे. गावानं एकच अट घातली: होळीच्या आत संपवा, त्यानंतर टिटवी बसते. म्हणून येत्या रविवारपासून सलग पाच रविवार, सकाळी साडेसहा ते दहा. टिकाव-फावडी आम्ही देऊ, तुम्ही भाकरी आणि पाणी घेऊन या. दुचाकीवर येणाऱ्यांनी गाड्या खाली डांबरी रस्त्याला, वडाखाली लावायच्या. तिथून माळ दीड किलोमीटर आहे, तो सगळ्यांनी चालत चढायचा.

आपले,
मंडळाचे सर्व सभासद