ताईला पत्र : चिऊचा पियानो आणि तुझं टेन्शन

ताई,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, फोनवर या विषयावर धड बोलणं होत नाही म्हणून लिहूनच टाकतो. चिऊचे सर म्हणाले ना की आधी क्लासिकल पक्कं कर आणि ते कंटेम्पररी, म्हणजे आत्ताच्या संगीतकारांचं वगैरे, मोठी झाल्यावर बघू, आणि तुला वाटतंय दोन्ही धरलं तर पोरगी ना इकडची ना तिकडची होईल. सरांचं पहिलं वाक्य मला एकदम मान्य, दुसरं अजिबात नाही.

पिएर-लॉरां एमार ऐकलायस का तू? फ्रेंच पियानिस्ट, 1957 चा जन्म, ल्योंचा. 1973 मध्ये स्पर्धा जिंकला ती पण मेसियाँच्या नावाची, म्हणजे तेव्हा हयात असलेल्या संगीतकाराच्या. पॅरिसला शिकला इव्होन लोरियोकडे, ती मेसियाँची बायको आणि स्वतः जबरदस्त पियानिस्ट. मग 1976 ला बुलेझ या फ्रेंच संगीतकाराने नव्या संगीतासाठी आँसांब्ल अँतेरकोंतांपोरँ नावाचा वादकांचा ग्रुप काढला, त्यात पहिल्यापासून हा होता, जेमतेम एकोणीस वर्षांचा. म्हणजे बघ, त्या वयात बाकीची पोरं तेच चार-पाच ठरलेले कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायच्या रचना) घेऊन स्पर्धांच्या रांगेत उभी असतात आणि हा मात्र शाई न वाळलेली पानं वाचत बसलेला, आणि ज्याने लिहिलं तो माणूस समोर, अडलं की सरळ विचारायचं. शतकांपूर्वीच्या बाखला कोण जाऊन विचारणार!

पुढे लिगेती या संगीतकाराशी त्याचं जमलं. लिगेतीचे पियानोचे एट्यूड (एकेका तंत्राचा कस लावणारे छोटे तुकडे) एकूण 18, 1985 पासून 2001 पर्यंत लिहिलेले, आणि अवघड म्हणजे अक्षरशः बोटं वाकडी करणारे. त्यातल्या तिसऱ्याची गंमत चिऊला करून बघायला सांग. एका हाताने काही पट्ट्या आवाज न करता हळूच दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यावरूनच भराभर पळायचं. धरलेल्या पट्टीवर बोट पडतं पण आवाजच येत नाही, त्यामुळे हात सरळ एकसारखा चाललेला दिसतो आणि ऐकू येतं ते मात्र अडखळत, मधेच दात पडल्यासारखं. हे वाजवताना पट्टी दाबण्याइतकंच ती धरून ठेवण्याकडे आणि सोडण्याकडे लक्ष द्यावं लागतं. आणि फ्यूगमध्ये, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकमेकांमागून येते त्या बाखच्या प्रकारात, तरी दुसरं काय असतं गं, एक आवाज धरून ठेवायचा, दुसरा सोडायचा, तिसरा मधूनच काढायचा. म्हणून म्हणतो, ही दोन वेगळी खाती नाहीत.

नंतर याच एमारने हार्नोनकूर या कंडक्टरबरोबर बेथोव्हेनचे पाचही कॉन्चेर्टो रेकॉर्ड केले, आणि बाखचं आर्ट ऑफ फ्यूग तर पन्नाशीला आल्यावर. त्या रेकॉर्डिंगवेळी पियानो ट्यून करणाऱ्याच्या मागे तो कसा हात धुवून लागला होता, की एकाच पियानोतून कधी ऑर्गनसारखा तर कधी क्लॅविकॉर्ड या जुन्या नाजूक वाद्यासारखा आवाज काढून दे, ते पियानोमेनिया नावाच्या डॉक्युमेंटरीत आहे. नक्की बघा सगळे, दाजींना पण आवडेल, मशीनवाल्या माणसाला त्यात बरंच काही आहे.

आणि 2016 ला इंग्लंडात ऑल्डबरा फेस्टिव्हलमध्ये मेसियाँचं पक्ष्यांवरचं 13 तुकड्यांचं मोठं काम त्याने एका दिवसात वाजवलं, पहाटे पक्षी बोलायला लागतात तेव्हापासून रात्री उशिरापर्यंत, त्या त्या पक्ष्याची वेळ साधून. त्या फेस्टिव्हलचा आर्टिस्टिक डायरेक्टर तेव्हा हाच होता, 2009 पासून, त्यामुळे असले हट्ट करायला मोकळीक. 2017 ला सीमेन्स म्युझिक प्राइझ मिळालं, ते संगीतात खूपच मानाचं.

आता सगळेच एमार होत नाहीत हे मलाही कळतं. असं दोन्हीकडचं वाजवणाऱ्यांचं गाडं बऱ्याचदा आँसांब्लमधली नोकरी, शिकवणं, गायकांना साथ असं मिळून चालतं, एमारने स्वतःही कोलोनला शिकवलंय. सोलो कॉन्सर्टवरच जगणारे मोजकेच. पण त्यातसुद्धा ज्याला नवीन नोटेशन पटकन वाचता येतं त्याला आधी फोन जातो, हे तू लिहून ठेव.

तेव्हा सरांशी भांडू नकोस प्लीज. बाख, स्केल्स सगळं चालू दे, फक्त बार्तोक या संगीतकाराच्या मिक्रोकोस्मोस या पियानोच्या पुस्तकांचा पहिला भाग आणायला सांग, तो अगदी नवशिक्यांसाठीच आहे आणि सर पण नाही म्हणणार नाहीत. एमारच्या लिगेतीची लिंक आज रात्री टाकतो, पण पहिल्या दोन मिनिटांत "हे काय वाजवतोय" म्हणून बंद करू नकोस.

दाजींना नमस्कार, चिऊला पापा.

तुझा,
भाऊ